पिवळा म्हणजे ताप

जया गेली तेव्हा मी टाकीत होतो.

साखर कारखान्यांच्या मळीपासून आता गॅस करतात आणि त्यावर एसटी चालते. त्या गॅसच्या टाक्या आमच्या कुपवाडच्या कारखान्यात बनतात. टाकी म्हणजे आडवा टाकलेला मोठा लोखंडी पिंप. आत माणूस वाकून उभा राहतो. आत जायला एकच भोक, दीड फुटाचं. आम्ही त्याला तोंड म्हणतो. आत वेल्डिंग चालू असताना तोंडाशी एक माणूस बसवायचाच, असा नियम आहे. वेल्डिंगला लागणारा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो तळाला साचत जातो आणि माणसाला कळायच्या आत त्याचा श्वास संपतो. म्हणून बाहेरचा माणूस दर दोन मिनिटांनी हातोडीने पत्र्यावर एक ठोका मारतो. आतल्याने बुटाने एक ठोका परत द्यायचा. म्हणजे मी ठीक आहे. तीन ठोके आले तर हातातलं टाकून बाहेर यायचं.

त्या दिवशी तोंडाशी अल्ताफ शिकलगार होता. जया मिरजेला दवाखान्यात होती. डोक्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. तिची बहीण विमल तिच्याजवळ बसली होती. मला जयानेच कामावर पाठवलं होतं. ही टाकी तिने सुरू केलेली. "शेवटचा गोल जोड दुसऱ्या कुणाला देऊ नका मास्तर," ती म्हणाली होती, "तुमीच मारा."

टाकीत फोन न्यायचा नसतो, म्हणून विमलचा फोन अल्ताफच्या फोनवर आला. पावणेदोन वाजले होते. मी गोल जोडाच्या मध्यावर होतो. असा जोड मध्येच सोडला तर तिथे खड्डा राहतो, आणि खड्ड्यातून पुढे गळती होते. अल्ताफला ते माहीत होतं. तो थांबला. नियमाप्रमाणे ठोके देत राहिला. मी बुटाने परत देत राहिलो. जोड पुरा होईपर्यंत आठ ठोके झाले. मग तीन आले.

मी तोंडातून डोकं बाहेर काढलं. अल्ताफने माझ्या चेहऱ्यावरची वेल्डिंगची काच स्वतःच्या हाताने वर केली.

"भरतदा, वैनी गेल्या."

"कुठं?" मी विचारलं.

त्याने हातातली हातोडी खाली ठेवली. मग मला कळलं. मी अजून कमरेपर्यंत टाकीत होतो.

ते आठ ठोके माझ्या डोक्यातून जात नाहीत. ती नव्हती आणि मी बुटाने सांगत होतो, ठीक आहे, ठीक आहे.

तिचं नाव जयमाला. ती आयटीआय करून आमच्या शेडमध्ये आली तेव्हा वेल्डिंगला दुसरी बाई नव्हती. तिचा हात बसवायचं काम माझ्याकडे आलं. वेल्डिंग शिकताना टॉर्च, म्हणजे हातात धरायची वेल्डिंगची नळी, कधी पत्र्याच्या जवळ जाते, कधी लांब. टाके वेडेवाकडे पडतात. मग एक दिवस वितळलेलं लोखंड सरकतं तसा हात आपोआप सरकू लागतो. याला आम्ही हात बसला म्हणतो. दोन महिने मी तिच्या मागे उभा राहून तिचं मनगट धरून शिकवलं. शेडमधल्या लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "मास्तर, आता सोडा. हात बसला माझा. लोकं बघत्यात."

त्याच वर्षी आमचं लग्न झालं. घरीही ती मला मास्तरच म्हणायची. एकवीस वर्षं झाली. मूल झालं नाही. तिचा हात पुढे माझ्यापेक्षा चांगला झाला आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आता मशीनबद्दल सांगितलं पाहिजे.

आमची मशिनं अर्धी आपोआप चालणारी. वितळून जोडात भरणारी वायर मशीन सोडतं, टॉर्च माणसाने धरायची. म्हणून वायर सगळ्यांची सारखी असते आणि फरक फक्त हाताचा. टॉर्च पत्र्यापासून एक मिलिमीटर जरी लांब गेली तरी करंट थोडा पडतो, जवळ आली की चढतो. जुन्या मशिनांतही हे होतच होतं, पण बघणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आलेली नवी मशिनं एका सेकंदात हजारो वेळा करंट बघतात. त्यावरून त्यांना हात दिसतो. कुठे थांबतो, कुठे घाई करतो, किती हलतो. आठवड्याभरात मशीन त्या माणसाच्या चुका पाठ करतं. मग चूक व्हायच्या आधीच ते वायर कमी-जास्त करतं, आणि टॉर्चच्या मुठीत एक बारकी मोटर आहे ती हाताला उलट बाजूने हलकासा रेटा देते. चूक होते, पण जोडात दिसत नाही. पाठ केलेलं ते सगळं माणसाच्या नावाने साठवून ठेवतं. पडद्यावर त्याला 'हात' म्हणतात. भरतचा हात, जयमालाचा हात. बसलेले हात सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात, पण चुका ज्याच्या त्याच्या असतात. म्हणून मशीन माणूस ओळखतं ते त्याच्या चुकांवरून.

मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला होता. हेरवाडेसाहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, त्यांनी त्याला एक तास दिला होता. जुन्या मशीनवर तीन दिवे होते. हिरवा म्हणजे तयार, पिवळा म्हणजे मशीन तापलं, लाल म्हणजे बिघाड. नव्यावर चौथा दिवा होता, निळा. सकाळी भंगार पट्टीवर दोन इंच टाका मारला की निळा लागतो. म्हणजे मशीनने हात ओळखला. ओळखलेल्या हाताच्या नव्या चुका मशीन निळा असतानाच पाठ करतं. निळा नवा होता म्हणून आम्ही त्याचा अर्थ दोनदा विचारून घेतला. पिवळा जुनाच होता. त्याचं कुणी विचारलं नाही. मशीनबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. ते हेरवाडेसाहेबांच्या कपाटात गेलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये जयाच्या सहा नंबरवर पिवळा लागायला लागला. निळाही असायचा, शेजारी पिवळाही. दहा मिनिटं हात थांबवला की पिवळा जायचा. तापलेल्या मशीनचंही असंच असतं.

"वैनी, मशीनला ताप आलाय," अल्ताफ म्हणायचा, "क्रोसिन घाला."

"तुलाच घालतो बघ आधी," जया म्हणायची. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो, घालतो.

पिवळा रोज लागू लागला तेव्हा मी घरचा उभा पंखा आणून सहा नंबरच्या मागे लावला. मशीनच्या पाठीवर वारा. मला तो विचार फार चांगला वाटला होता.

"घरात मी उकडून मरतो," जया शेडमध्ये सगळ्यांना सांगायची, "आणि आमचं मास्तर मशीनला वारा घालत्यात."

पंखा लावूनही पिवळा गेला नाही. आम्हाला सवय झाली. तिच्या जोडांचे एक्स-रे निघायचे, एकही नापास व्हायचा नाही. दिवाळीत हेरवाडेसाहेबांनी तिचा फोटो बोर्डावर लावला. घरी ती सुईत दोरा मला ओवायला द्यायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं आम्ही ठरवलं. चहा ती मोठ्या पेल्यात अर्धाच घेऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, सांडत नाही असा.

मे महिन्यात ती जिन्यात पडली. मिरजेला नेलं. लहान मेंदूत गाठ होती, लिंबाएवढी. डॉक्टर मुजावर बाईंनी ऑपरेशन केलं. पुढचं मी सांगितलंच.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. घरी बसून काय करायचं होतं? हेरवाडेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "भरत, एक विचारू का? जयमालाचा हात सहा नंबरमध्ये आहे. तो आणखी चार मशिनांवर उतरवतो. सगळे तिच्या हाताने काम करतील. तिची आठवण राहील."

मी हो म्हणालो. मला अभिमान वाटला, हे खरं आहे.

मी सहा नंबर मागून घेतलं. सुरू केल्यावर पडद्यावर दोन नावं आली. मी माझ्या नावावर बोट ठेवायला हवं होतं. मी तिच्या नावावर ठेवलं.

पहिल्या दिवशी मशीनचं आणि माझं जमेना. मुठीतून रेटा यायचा. बारीक, भराभर, डावीकडे उजवीकडे. माझा हात सरळ जात होता आणि ते त्याला ढकलत होतं. टाके माशाच्या काट्यासारखे पडले. निळा लागला नाही, पिवळा लागला. पण तो रेटा माझ्या मनगटाला कळत होता. एकवीस वर्षांपूर्वी मी तिचं मनगट धरलं होतं. आता कुणीतरी माझं धरलं होतं. मी काच खाली ठेवूनच उभा राहिलो, कारण काचेच्या आत माणूस काय करतो ते कुणाला दिसत नाही.

मी नाव बदललं नाही. आठवड्याभरात रेटा कमी वाटू लागला. महिन्याभरात जोड सरळ आले. ऑगस्टमध्ये एका सकाळी पट्टीवर दोन इंच टाका मारला आणि निळा लागला. निळा आणि शेजारी पिवळा. तिला लागायचे तसेच दोन्ही.

"वैनी आल्या की काय?" अल्ताफ म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "माफ करा भरतदा, तोंडातून गेलं."

"आली," मी म्हणालो.

बाकीच्या चार मशिनांवरही एव्हाना पिवळा लागत होता. हेरवाडेसाहेबांनी चार पंखे मागवले. शेडमध्ये पाच मशिनं आणि पाठीमागे पाच पंखे, असं दिसू लागलं. एक्स-रेत कुणाचाही जोड नापास होत नव्हता.

घरी माझ्या हातातला चहा बशीत सांडायला लागला होता. शर्टाचं वरचं बटण लागेना. मी त्याला वय म्हणालो.

सप्टेंबरमध्ये मी टाकीत आतल्या जोडावर होतो. तोंडाशी अल्ताफ. दोन मिनिटं झाली, ठोका आला. पण तो एक नव्हता. ठण् आणि त्याच्या पाठोपाठ बारीक ठण्. जसं हातोडी पत्र्यावर पडून परत उडाली. मी बुटाने उत्तर दिलं. पुढचाही तसाच आला. त्याच्या पुढचा तिहेरी आला आणि मी नियमाप्रमाणे टॉर्च टाकून बाहेर आलो.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठं काय?"

"तीन मारलेस."

"एक मारला की." त्याने हातोडी दाखवायला हात पुढे केला. हात हलत होता. त्यानेही बघितलं. मी माझा हात त्याच्या हाताशेजारी धरला. दोन्ही हात एकाच मापाने हलत होते. शिवणयंत्राची सुई दुरून दिसते तसे.

"ही वैनींचीच थरथर," अल्ताफ हळू म्हणाला. "शेवटी शेवटी पेला धरताना असाच हलायचा हात. मी बघितला होता."

मीही बघितला होता.

अल्ताफ नऊ नंबरवर जयाच्या हाताने काम करत होता.

मी मिरजेला डॉक्टर मुजावर बाईंकडे गेलो. मला वाटलं मलाही गाठ झाली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नव्हती. झाली असेल तर बरंच, असं बसमध्ये वाटत होतं. त्यांनी डोक्याचं स्कॅनिंग केलं, हात-पाय तपासले, नाकाला बोट लावायला सांगितलं.

"मगदूम, तुमच्या डोक्यात काही नाही," त्या म्हणाल्या.

"मग हात?"

त्यांनी कामाबद्दल विचारलं. मी हात, रेटा, निळा, सगळं सांगितलं. अल्ताफचंही सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीनची नोंद मिळेल? तुमची आणि मिसेसची. आणि ते पुस्तक."

हेरवाडेसाहेबांनी दोन्ही दिलं. काही लपवायचं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. चार दिवसांनी मी परत मिरजेला गेलो. बाईंनी कॉम्प्युटरवर एक रेघ दाखवली.

"हा तुमच्या मिसेसचा हात. गेल्या वर्षीचा मे. बघा, सपाट आहे. हा जून." रेघेवर बारीक दाते आले होते. "सेकंदाला चार-पाच वेळा हात हलतोय. हा लहान मेंदूचा कंप. पुढे बघा." दाते मोठे होत गेले. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. "आणि ही दुसरी रेघ म्हणजे मशीनचा रेटा. पहिल्या रेघेचे दाते जितके वर, तितके हिचे खाली. दोन्हींची बेरीज शून्य. म्हणून जोड सरळ आले. त्यांना स्वतःलाही कळलं नसणार. दिवसातले आठ तास त्यांचा हात मशीन धरून होतं."

"आणि माझा?"

"तुमचा हात सरळ होता. मशीन मात्र कंप आहे असं धरूनच रेटा देत होतं. तुमच्या मेंदूने पाहिलं, की आपण उलट्या बाजूला हललो तर जोड सरळ येतो. मग तो हलायला शिकला. मशीनला जी चूक हवी होती ती तुम्ही पुरवलीत. हा आजार नाही, शिकलेली गोष्ट आहे. त्या हातावर काम बंद केलंत तर दीड-दोन महिन्यांत जाईल. पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर जाईल की नाही, मला सांगता येणार नाही. तुमच्या मित्रालाही हेच सांगा. बाकीच्यांनाही."

मी उठणार होतो. त्या म्हणाल्या, "बसा. एक विचारायचं आहे. मर्यादेबाहेर कंप गेला की हे मशीन सांगतं, असं पुस्तकात आहे. अकरा महिने ते सांगत होतं. कुणी पाहिलं नाही का?"

"कसं सांगतं?"

त्यांनी पुस्तकाचं पान उघडलं आणि इंग्रजीवरून मराठीत सांगितलं. "पिवळा दिवा. चालकाच्या हाताचा कंप मर्यादेबाहेर आहे. काम थांबवा. चालकाला डॉक्टरांकडे पाठवा."

"पिवळा म्हणजे ताप," मी म्हणालो.

"ताप?"

"मशीन तापलं."

"नाही. तापल्यावर लाल लुकलुकतो, असं खाली लिहिलंय."

मी त्यांना पंख्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मी विचारायचं ते विचारलं. जूनमध्ये आलो असतो तर?

त्यांनी मला फसवलं नाही. "जूनमध्ये ती गाठ लहान असणार. अशी गाठ सावकाश वाढते. तेव्हा काढता आली असती. बहुतेक त्या वाचल्या असत्या."

कुपवाडला परत आलो तेव्हा दुपारची पाळी चालू होती. पाच पंखे फिरत होते. पाच पिवळे दिवे लागले होते. मी हेरवाडेसाहेबांना सगळं सांगितलं. ते खाली बसले. त्यांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नाहीत. जयाच्या तेराव्याला ते बायकोला घेऊन आले होते.

"मी ते पुस्तक उघडलंच नाही रे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण भरत, रिजेक्शन शून्य आहे. ही ऑर्डर जाऊ दे, मग तो हात बंद करू."

"अल्ताफचा हात हलतोय साहेब. माझाही."

"डॉक्टर म्हणाल्या ना, दोन महिन्यांत जातो? ऑर्डर महिन्याची आहे."

"मग पुसून टाका तिचा हात."

मी परत आणलेलं पुस्तक चाळून त्यांनी मला दुसरं एक पान दाखवलं. ते त्यांनी आत्ताच वाचलं. कामगाराचा हात त्याच्या मालकीचा, असा कायदा झाला आहे. मालकाला तो परस्पर पुसता येत नाही. पुसायचा तर ज्याचा हात त्यानेच पट्टीवर दोन इंच टाका मारायचा, निळा लागला पाहिजे आणि तो लागलेला असताना पुसायचं बटण दाबायचं. माणूस वारला असेल तर वारसाने मशीनच्या कंपनीकडे अर्ज करायचा. सहा ते आठ महिने.

"मी केला असता," हेरवाडेसाहेब म्हणाले, "पण माझ्या हातात नाही."

त्यांच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं. बाकीच्यांना नुसता पिवळा लागायचा, निळा फक्त मला लागत होता.

अडकलो कसा, ते मला त्याच क्षणी कळलं. माझा हात हलतो तोवरच मी तिचा हात पुसू शकतो. बरा झालो की मशीन मला ओळखणार नाही, आणि तिचा हात त्यात तसाच राहील. पुढची ऑर्डर येईल, पुन्हा कुणाच्या तरी हाताला तो लावतील. आणि पुसला तर माझाही हात दोन महिन्यांत बसेल, माझा स्वतःचा. मग तिचा हात कुठेच असणार नाही. मशीनमध्येही नाही आणि माझ्या मनगटातही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाल्यावर मी अल्ताफला नऊ नंबरजवळ बोलावलं. बटण त्याने दाबायचं, टाका मी मारायचा, असं ठरलं.

"भरतदा, नक्की?" तो म्हणाला. "माझ्यासाठी म्हणून नको हां. माझ्या घरात म्हणत्यात, बरं झालं, पीठ चाळायला चाळण हलवायला लागत नाही."

"दाब," मी म्हणालो.

पट्टीवर दोन इंच टाका मारला. निळा लागला. अल्ताफने बटण दाबलं. चारही दिवे एकदम लागले आणि एकदम गेले. मग हिरवा एकटाच आला. पडद्यावर जयमाला नव्हती. पिवळा नव्हता. अल्ताफने मागे जाऊन पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.

मग तीन नंबर, चार नंबर, अकरा नंबर पुसलं. प्रत्येक वेळी निळा लागत होता. प्रत्येक वेळी मला वाटत होतं की या वेळी लागू नये.

सहा नंबरजवळ आलो. मी काच खाली घेतली. टॉर्च हातात घेतली. मुठीतून तो बारीक रेटा आला, डावीकडे उजवीकडे.

अल्ताफ बटणावर बोट ठेवून उभा होता. दोन मिनिटं तरी गेली असतील. मग त्याने दुसऱ्या हातातल्या हातोडीने मशीनच्या पत्र्यावर एक ठोका मारला. मी बुटाने परत दिला नाही.

"राहू दे आज," तो म्हणाला. "उद्या."

त्याला महिना झाला.

चारही मशिनांवर आता ज्याचे त्याचे हात आहेत. अल्ताफचा ठोका परत एकेरी येतो. सुरुवातीला दोघांचे जोड नापास झाले, ते पुन्हा मारले. ऑर्डर आठ दिवस उशिरा गेली. हेरवाडेसाहेब मला काही बोलले नाहीत, पण परवा म्हणाले, "पुढची ऑर्डर मोठी आहे. सहा नंबरमध्ये जयमालाचा हात अजून आहे ना?" मी मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ काय घेतला ते मी विचारलं नाही.

मी दिवसभर दुसऱ्या मशीनवर माझ्या नावाने काम करतो. सकाळी अर्धा तास सहा नंबरवर तिच्या नावाने पट्ट्या मारतो, हात विसरू नये म्हणून. डॉक्टर मुजावर बाईंना हे सांगितलेलं नाही. अर्ध्या तासाने भागत नाही. माझा हात बसत चालला आहे. शर्टाचं वरचं बटण आता पहिल्या खेपेला लागतं. मागच्या आठवड्यात निळा दुसऱ्या टाक्याला लागला. काल चौथ्याला लागला. आज सकाळी सहा टाके मारले, मग लागला, आणि पट्टी पुरी होण्याआधीच गेला.

निळा लागला होता तेवढ्यात अल्ताफला हाक मारता आली असती. तो चार पावलांवर, मशीनमध्ये वायर भरत होता. त्याने बघितलंही होतं.

उद्या रविवार. सोमवारी निळा लागेल की नाही, सांगता येत नाही. पंखा तिथेच आहे, तो घरी न्यायचा राहिला आहे. सहा नंबर अजून पुसलेलं नाही.